‘थोडेच दिवस, मग परत जाऊ’

पत्राचा सारांश: ठाण्यात घोडबंदर रोडला राहणाऱ्या, चाळिशीतल्या एका वाचक भगिनीचं हे पत्र. माहेर मराठी, सासर सिंधी, लग्नाला सोळा वर्षं झालेली. सासरे 83 वर्षांचे. फाळणीनंतर, 1948 च्या सुरुवातीला, सहा वर्षांचे असताना ते सिंधमधल्या हैदराबादहून कराचीमार्गे बोटीने मुंबईत आले. लहानपण कल्याण कॅम्पच्या बराकीत गेलं. पुढे ठाणे पूर्वेतल्या कोपरीत घर झालं, स्टेशनजवळ कापडाचं दुकान झालं. मराठी अस्खलित. गेल्या वर्षी कोपरीची इमारत पुनर्विकासाला गेली आणि सगळे भाड्याच्या फ्लॅटमध्ये, सतराव्या मजल्यावर राहायला आले. तेव्हापासून सासऱ्यांचं बिनसलं आहे. सामानाचे खोके उघडू देत नाहीत. उशाशी पिशवी भरलेली असते: रेशनकार्ड, आधार, बिल्डरच्या कराराची झेरॉक्स, भाजलेले चणे, साखरेची पुडी, दोन बनियन, टॉर्च. संध्याकाळ झाली की दाराशी खुर्ची ओढून बसतात आणि म्हणतात, ‘मूंखे घर वञणो आहे.’ रात्री उठून छताकडे बोट दाखवत ‘मंघ, मंघ’ असं काहीतरी बोलतात; वाचकांना वाटतं, मच्छर म्हणताहेत. नातीशी हल्ली फक्त सिंधीत बोलतात, तिला ते कळत नाही. शाळेच्या प्रकल्पासाठी नातीने त्यांच्या गावचा व्हिडिओ मोबाइलवर दाखवला, त्या रात्री ते झोपलेच नाहीत. ‘थोडेच दिवस बाबा, मग परत जाऊ’ असं घरचे रोज समजावतात, उपयोग होत नाही. नवरा म्हणतो, “पंचाहत्तर वर्षं उलटून गेली तरी यांना निर्वासित कॅम्पातून बाहेर यायचंच नाही. नाटकं आहेत सगळी.” वाचक विचारतात: इतकी वर्षं छान रुळलेला माणूस आताच असा का वागतोय? त्यांना बोलतं करून एकदाचं मोकळं करावं का? डॉक्टरांकडे न्यावं का? आणि मी मराठी, मला यातलं काय कळणार?

उत्तर:

शेवटी, जरा संकोचाने विचारलेला प्रश्न आधी घेते. मी मराठी, मला काय कळणार? तुम्हीच लिहून पाठवलेलं वाक्य पुन्हा वाचा: ‘मूंखे घर वञणो आहे.’ मला घरी जायचंय. चार शब्दांतले ‘घर’ आणि ‘आहे’ तुमच्या माहेरचेच आहेत. सिंधीत ‘आहे’ला ‘आहे’च म्हणतात आणि पाण्याला पाणीच, आपल्यासारखा ‘ण’ लावून. 1936 पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होता. म्हणजे सासऱ्यांच्या जन्माच्या पाच-सहा वर्षं आधीपर्यंत त्यांचं हैदराबाद आणि आपलं ठाणं एकाच इलाख्यात मोडत होतं. आणि पिशवीत साखरेची पुडी आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. घरात त्यांच्याकडे इतकं नीट बघणारं दुसरं कुणी मला तरी पत्रात दिसलं नाही.

डॉक्टरांकडे न्यायचं का? हो, आणि बाकी सगळ्याच्या आधी. तुम्हाला यात जुनी जखम दिसते, नवऱ्याला जुनं नाटक दिसतं, पण 83 वर्षांच्या माणसाचं शरीरही आपलं काम करत असतं. लघवीचा संसर्ग, सोडियम उतरणं, थायरॉइड, बी-12 ची कमतरता, एखादं नवं औषध, यातल्या कशानेही म्हातारं माणूस गोंधळतं. वागणं एक-दोन दिवसांत एकदम पालटलं तर वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. हळूहळू होत आलं असेल तर स्मरणशक्तीची तपासणी करून घ्या. स्मृतिभ्रंशात नंतर शिकलेली भाषा पुष्कळदा आधी निसटते आणि आईची भाषा मागे उरते. संध्याकाळी गोंधळ वाढणं हेही त्यात नेहमीचं. त्यामुळे नातीशी सिंधीत बोलणं ही माया असू शकते, आजाराची खूण असू शकते, दोन्हीही असू शकतं. एक लक्षात ठेवा, तपासणीच्या वेळी सिंधी जाणणारं कुणीतरी बरोबर हवं. प्रश्न मराठी-हिंदीत आणि उत्तरं सिंधीत आली, तर आहे त्याहून जास्त विसरले असा निष्कर्ष निघायचा. जाण्याआधी आठवडाभर वहीत टिपून ठेवा: कधी उठले, काय खाल्लं, कोणते शब्द बोलले.

नवरा बिचकेल. मुंबईत कुणालाही विचारा, ‘याला ठाण्याला न्या’ याचा अर्थ काय ते! 1901 सालापासूनचं मनोरुग्णालय आपल्या शहराच्या नावाला असं चिकटलंय की जन्म ठाण्यात काढलेली माणसंही ‘ठाण्याला’ जायला घाबरतात. सुरुवात कानांपासून करा. कान तपासायला कुणी लाजत नाही आणि या वयात बराच गोंधळ न ऐकू आल्याचाही असू शकतो.

आता ‘इतकी वर्षं छान रुळलेला’ या शब्दांकडे येते. रुळले म्हणजे काय केलं त्यांनी? मराठी शिकले, दुकान चालवलं, मुलं शिकवली, मराठी सून आनंदाने घरात आणली. सगळं खरं. पण हे गल्ल्याच्या अलीकडून, गिऱ्हाइकाच्या बाजूने दिसणारं रुळणं आहे. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ जॉन बेरी यांनी नव्या देशात गेलेल्या माणसांचा विचार करताना दोन प्रश्न वेगवेगळे ठेवले: जुनं किती सांभाळायचं आणि नव्यात किती मिसळायचं. आपण समजतो की एक वाढलं की दुसरं आपोआप कमी होतं. तसं नाही. काही जण दोन्ही सांभाळतात, काही जुनं टाकून नव्यात विरघळतात, काही जुन्यातच दार लावून बसतात, काहींचे दोन्हीकडचे हात सुटतात. पहिल्यांचं मन त्यातल्या त्यात ठीक राहतं, असं पुष्कळ अभ्यासांत दिसलंय. मात्र हे एकट्याच्या हातात नसतं, ज्या गावात येऊन पडलो ते गाव किती जागा देतं यावर ठरतं. मला तर वाटतं, एकच माणूस एका दिवसात चारही प्रकार जगतो. दुकानात एक, जेवताना दुसरा, आणि रात्री दोन वाजता कुठलाच नाही.

कल्याण कॅम्प म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली लष्कराची छावणी. त्या बराकींमध्ये लाखभर माणसं राहिली आणि 1949 मध्ये त्या वस्तीचं उल्हासनगर झालं. आजही तिथे पत्ता सांगताना ‘कॅम्प नंबर चार’ असंच सांगतात. पंजाब आणि बंगाल तुटले तरी त्यांचा एक-एक तुकडा इकडे उरला. सिंध सगळाच्या सगळा तिकडे गेला. त्यामुळे सिंधी माणसाला ‘आमच्याकडे’ म्हणून बोट दाखवायला नकाशावर राज्यच नाही. त्यांच्या वाट्याला आला तो कॅम्प, शेजारी, टिकाणा (सिंधी लोकांचं प्रार्थनास्थळ) आणि भाषा. ती भाषाही घटनेच्या आठव्या अनुसूचीत यायला 1967 उजाडलं.

माझ्या लहानपणी ठाणे पूर्वेला आमच्या चाळीत कोपरीहून एक सिंधी बाई पापड घेऊन यायच्या. मिऱ्याचे पापड, वर्तमानपत्रात बांधलेले, वीस-वीसचे गठ्ठे. आई पाणी द्यायची, त्या उभ्यानेच प्यायच्या. बसा म्हटलं की “टाइम कोन्नी” असं काहीतरी म्हणून हसायच्या. बारा-तेरा वर्षांत मी त्यांना एकदाच खाली बसलेलं पाहिलं, मुलाच्या लग्नाची पत्रिका घेऊन आल्या तेव्हा. त्या पिढीला बसायलाच उसंत नव्हती, मग शोक कधी करणार? तुमचे सासरे तर सहा वर्षांचे होते. 6 जानेवारी 1948 ला कराचीत दंगल झाली आणि पुढच्या काही महिन्यांत माणसं बोटी भरभरून निघाली. त्या वयाच्या मुलाला कुणी विचारत नाही, समजावत नाही. उचलतात आणि नेतात. पुढे बराकींतली कितीतरी मुलं लोकलमध्ये गोळ्या-बिस्किटं विकत मोठी झाली. दुकान सुरू होतं, उधाऱ्या होत्या, तोपर्यंत मनाला विषय काढायला फुरसत नव्हती. आता दुकान नाही, आणि घरही खोक्यांत आहे.

अमेरिकेतल्या संशोधक पॉलीन बॉस यांनी ज्या हानीचा शेवटच नक्की होत नाही, अशा हानीबद्दल बरंच लिहिलंय. आपल्या भाषेत सांगायचं तर ज्याचं तेरावं घालता येत नाही असं दुःख. माणूस गेलं की आपण रडतो, विधी करतो, फोटोला हार घालतो. हैदराबाद मात्र मेलेलं नाही. गल्ली आहे, कदाचित घरही आहे, त्यात कुणीतरी राहतंय, आणि मोबाइलवर तीन मिनिटांत दिसतंय. नातीने प्रेमाने दाखवलं, तिची काहीच चूक नाही. पण त्यांच्यापुढे एकदम काय उघडलं, याची कल्पना करून बघा.

तुमच्या पत्रातल्या एका ओळीशी मी थबकले. ‘थोडेच दिवस, मग परत जाऊ असं आम्ही रोज समजावतो.’ 1948 मध्ये सिंधमधून निघालेल्या अनेक घरांत मोठी माणसं मुलांना नेमकं हेच सांगत होती, आणि त्यांना स्वतःलाही ते खरं वाटत होतं. दंगल शमली की परतायचं. तुमच्या सासऱ्यांनाही कुणी हे सांगितलं होतं का, मला माहीत नाही. सांगितलं असेल, तर तुम्ही धीर देण्यासाठी जे वाक्य उच्चारता, तेच त्यांना पिशवी भरायला लावत असेल. सामान बांधलं, घर सोडलं, कागद दुसऱ्यांच्या हातात, आणि वर प्रेमाची माणसं सांगताहेत की थोडेच दिवस. त्यांनी याआधी हे ऐकलंय. परत जाणं झालं नव्हतं.

म्हणून हे वाक्य आजपासून बंद करा. त्याऐवजी खरं काय आहे ते सांगा: करारात ताबा अमुक साली लिहिलाय, उशीर होऊ शकतो, तोवर भाडं अमुक तारखेला खात्यात जमा होतं. पासबुक दाखवा. त्यांनी आयुष्यभर हिशेब केलाय, आकडा त्यांना मायेच्या शब्दापेक्षा जास्त आधार देईल. पाच मिनिटांनी पुन्हा विचारलं तर पुन्हा तेच सांगा, न चिडता. स्मृतिभ्रंश निघालाच, तर डॉक्टर सांगतील तसं हे बोलणं आणखी आखूड करा. तेव्हा करार समजावण्यापेक्षा ‘चहा घेऊ, मग बघू’ बरं.

पिशवीला हात लावू नका. गुपचूप रिकामी तर मुळीच करू नका. कागद जपणं हे वेड नाही, त्यांना तो धडा कायद्याने शिकवलाय. घटनेच्या सहाव्या कलमात 19 जुलै 1948 ही तारीख आहे. पाकिस्तानातून तिच्या आधी येऊन इथेच राहिलेल्यांना नागरिक मानलं गेलं, नंतर आलेल्यांना नोंदणी करावी लागली. पुढे 1950 आणि 1954 मध्ये विस्थापितांचे दावे आणि भरपाई यांचे कायदे झाले, आणि मागे सोडलेल्या घरादाराचा ‘क्लेम’ लावण्यासाठी लोक कागद घेऊन कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवत राहिले. ज्याच्याकडे चिठोरं होतं त्याचं बोलणं ऐकलं गेलं. अशा घरात वाढलेला मुलगा रेशनकार्ड उशाशी ठेवणार नाही तर कोण ठेवणार? तुम्ही फक्त एवढं करा, घरातल्या दोघांचे फोन नंबर लिहिलेलं कार्ड त्यांना सांगून त्या पिशवीत आणि एक त्यांच्या सदऱ्याच्या खिशात ठेवा. चणे महिन्याने बदला, त्यांच्यासमोर. दाराला वरची कडी असू दे, पण दिसेल अशी कोंडून घालण्याची खटपट नको.

खोक्यांचंही तेच. सगळे उघडण्याचा हट्ट सोडा. एकच खोका निवडा आणि कुठला ते त्यांना ठरवू द्या. झूलेलालची, म्हणजे सिंधी लोकांच्या दैवताची, तसबीर त्यात असेल तर ती आधी लागू दे, कोपरीत ज्या दिशेला होती त्याच दिशेला.

त्यांना बोलतं करून मोकळं करावं का? आपल्याकडे समज आहे की एकदा सगळं बाहेर पडलं, रडून झालं की माणूस हलकं होतं. मोठ्या आघातानंतर माणसाला बसवून सगळं वदवून घेण्याची पद्धत एके काळी जगभर चालायची. तिचा फायदा दिसला नाही, काहींना त्रासच वाढला, आणि आता ती टाळायला सांगतात. त्यांनी आपणहून काढलं तर ऐका. हातातलं काम बाजूला ठेवून ऐका. गप्प झाले की तिथेच थांबा, ‘मग पुढे?’ म्हणू नका. ‘घरी जायचंय’ म्हणाले तर ‘हेच घर आपलं’ असा वाद घालण्यापेक्षा विचारा, ‘घरी अंगणात काय होतं? सकाळी काय खायचात?’ खाणं हा दरवाजा सहसा उघडा असतो. कोकी, म्हणजे सिंधी जाड पोळी, कशी लाटायची हे सुनेने विचारलं की ते चुका काढतील, आणि चुका काढणारा माणूस दाराशी बसत नाही.

आठवड्यातून एकदा त्यांना कोपरीला न्या. रविवारी सकाळी लवकर निघा, नाहीतर घोडबंदर रोडवर त्यांचा आणि तुमचाही उत्साह संपायचा. टिकाण्यात, बाजारात, त्यांच्या वयाचा कुणी उरला असेल त्याच्या ओट्यावर तासभर. तिथे त्यांना भाषांतर करावं लागत नाही. इमारत बघायची म्हणाले तर तीही दाखवा. पत्र्याचं कुंपण दिसेल, खड्डा दिसेल, डोळ्यांत पाणी येईल. येऊ दे. ‘नको बघू, त्रास होईल’ म्हणून त्यांचे डोळे एकदा झाकून झालेत.

नवऱ्याबद्दल थोडंच लिहिते, कारण पत्र त्यांचं नाही. वडिलांचं घाबरणं बघवत नाही तेव्हा मुलगे चिडतात, हे मी इतक्या घरांत पाहिलंय की त्याचं मला आता नवल वाटत नाही. त्यातून पुनर्विकासाचा करार त्यांनीच केला असेल, तर ‘माझ्यामुळे झालं’ ही बोच असणार. एवढं मात्र सांगा, की ‘निर्वासित’ हा शब्द वडिलांसमोर नको. त्या पिढीतले पुष्कळ लोक शरणार्थी म्हटलं की ताडकन उत्तर द्यायचे, ‘शरणार्थी नाही, पुरुषार्थी.’ पोटच्या मुलाने तो शब्द परत आणून कपाळावर चिकटवावा, हे बरं नाही.

तुमचं पत्र मी सदरात घेतलं, कारण अशी पत्रं फक्त सिंधी घरांतून येत नाहीत. सीमा ओलांडली नाही तरी नवी मुंबईसाठी ज्या 95 गावांची जमीन गेली, तिथल्या आजोबांनाही सातबाऱ्याची जुनी प्रत उशाशी लागते. आणि तुमच्या शेजारी आज एखादं तिबेटी किंवा अफगाण कुटुंब राहत असेल, तर त्यांची गोष्ट आणखी अवघड आहे हे ध्यानात असू द्या. सिंधी माणसाला निदान नागरिकत्व मिळालं. भारताने निर्वासितांविषयीच्या 1951 च्या आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही, निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही, त्यामुळे अनेकांची वर्षं पुढचा कागद कधी मिळणार याच काळजीत जातात. आधी काय भोगलं याइतकीच ही वाट बघणं, काम न मिळणं, घरभाड्याची कटकट मन पोखरते. अशा घरातली मुलं भाषा आधी शिकतात आणि दहाव्या वर्षी आईबापांची दुभाषी होतात: बँकेत, दवाखान्यात, घरमालकापुढे. मूल चुणचुणीत आहे म्हणून कौतुक करू नका, त्याच्या वडिलांशी थेट, सावकाश, साध्या हिंदीत बोला. आणि ‘आता इथलेच झालात हो तुम्ही’ ही शाबासकी जरा जपून द्या.

तुम्ही स्वतः थकला असाल. रात्रीची पाळी नवऱ्याने आणि तुम्ही वाटून घ्या. फार अंगावर आलं तर मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारच्या टेलि-मानस सेवेला 14416 वर फोन करा, ज्येष्ठांच्या अडचणींसाठी 14567 ही एल्डर लाइन आहे. दोन्ही फुकट आहेत.

राहिलं ‘मंघ’. तुम्हाला वाटलं मच्छर म्हणताहेत. माझा एक अंदाज आहे. सिंधमधल्या हैदराबादच्या जुन्या घरांच्या छपरांवर वारा पकडणारे झरोके असायचे, समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्याच्या दिशेला तोंड करून, तो वारा खाली खोल्यांत उतरवणारे. शहराच्या जुन्या फोटोंत छपरावर ते ओळीने उभे दिसतात. त्यांनाच मंघ म्हणतात. सतराव्या मजल्यावर खिडक्या लावून एसी सुरू असेल, तर छताकडे बोट दाखवणारा माणूस बहुधा वाराच मागतोय. आज रात्री एसी बंद ठेवा, पलंग खिडकीजवळ घ्या, जाळी पक्की आहे ना ते आधी बघा.

आणि नातीला सांगा, प्रकल्पासाठी बोट, दंगल, कॅम्प हे सगळं पुस्तकांतून मिळेल, ते डाडांना, म्हणजे आजोबांना, विचारू नकोस. त्यांच्यासमोर कोरा कागद आणि पेन्सिल ठेव आणि एकच विचार, मंघ कसा असतो. त्यांनी काढलं, तर त्याचा फोटो मला जरूर पाठवा.